महाद्वार रोडवर तीन संध्याकाळी

पहिला दिवस, ३१ जानेवारी

नागपूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापूर येतं. मध्ये अख्खी रात्र आणि विदर्भ, खानदेश, देश असा जवळजवळ सगळा महाराष्ट्र खिडकीतून सरकतो. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, गुडघ्यांनी त्रासलेल्या. पण हट्ट त्यांचाच. अंबाबाईचं दर्शन त्यांचं यापूर्वी दोनदा झालेलं. दोन्ही वेळा यात्रा कंपनीच्या बसमधून उतरायचं, रांगेत उभं राहायचं, ओटी भरायची आणि परत बस. या खेपेला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "मले ज्योतिबा नको, पन्हाळा नको. मले ते ऊन पाहाचं आहे. अन् त्या रस्त्यानं पायी फिराचं आहे."

ते ऊन म्हणजे किरणोत्सव, मावळतीचं ऊन थेट अंबाबाईच्या मूर्तीवर येतं तो सोहळा, आणि तो रस्ता म्हणजे महाद्वार रोड. म्हणून तीन दिवसांचं सगळं फिरणं एका रस्त्यावर आणि त्याला फुटलेल्या फाट्यांवर करायचं ठरलं.

देवळाजवळच्या लॉजवर सामान टाकून चार वाजता रिक्षाने पापाची तिकटी गाठली. जिथे तीन वाटा मिळतात ती तिकटी. हा शब्द आमच्याकडे नाही. इथे मात्र पापाची तिकटी, मिरजकर तिकटी, माळकर तिकटी अशा पत्त्यांवरच गाव चालतं. तिकटीवरून दक्षिणेला तोंड केलं की समोर महाद्वार रोड. जेमतेम अर्धा किलोमीटर, बिनखांबी गणेश मंदिराशी संपतो. मध्यावर डाव्या हाताला अंबाबाईच्या देवळाचा पश्चिमेचा दरवाजा, तोच महाद्वार. नेमका त्याच्यासमोरून उजवीकडे, म्हणजे रंकाळ्याच्या बाजूला, ताराबाई रोड निघतो. एवढा नकाशा डोक्यात बसला की इथे चुकायला होत नाही.

रस्ता रुंद नाही. दोन्ही बाजूंना साड्या, बांगड्या, स्टीलची भांडी, इमिटेशन दागिने, कुंकवाच्या राशी. दुकानांपुढे फेरीवाले, फेरीवाल्यांपुढे माणसं. आमची सीताबर्डी मला सारखी आठवत होती. तिथेही अशीच दाटी असते, पण सीताबर्डीत माणूस खरेदीलाच जातो. इथे प्रत्येकाच्या हातात एक पिशवी खरेदीची आणि दुसरी ओटीची. बाजार आणि देऊळ एकमेकांत इतके मिसळलेले आहेत की कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते कळत नाही. बांगड्या भरता भरता कासारीण विचारते, "दर्शन झालं का मावशी?" आणि नाही म्हटलं की घाई करते, "मग उरका, पाचला किरणं कमानीत येत्यात."

ओटीचं सामान घेऊन निघालो आणि मागून आलेल्या मोटरसायकलचं हँडल सासूबाईंच्या पिशवीत अडकलं. पिशवीचा बंद तुटला, नारळ घरंगळत पार रस्त्याच्या मध्यावर गेला. त्या पडल्या नाहीत, हे नशीब. मोटरसायकलवाला थांबलाही नाही. नारळामागे मात्र तिघे धावले. एक मक्याची कणसं विकणारा, एक शाळेतला पोरगा आणि एक टोपीवाले आजोबा. आजोबांनी नारळ स्वतःच्या धोतराला पुसून हातात दिला आणि म्हणाले, "देवीचा हाय, रस्त्याला लागला म्हणून बाटत न्हाई. सावकाश जावा."

त्या क्षणापासून माझं मत पक्कं झालं आहे आणि ते मी इथेच लिहून टाकते. हा रस्ता पायांचा आहे. सणासुदीला, नवरात्रात, दिवाळीच्या खरेदीत इथे गाड्या बंद करतातच. तेवढ्या रस्त्यावर ते बारा महिने जमलं पाहिजे. ज्या रस्त्यावर सत्तरीपुढची बाई हातात ओटी घेऊन चालते, तिथे तिला मागे वळून बघावं लागू नये.

पाच वाजता देवळाच्या आवारात होतो. गाभाऱ्यासमोर उभं राहायला मिळणं शक्यच नव्हतं. आवारात पडदा लावलेला, त्यावर आतलं दिसत होतं. लोक फरशीवर मांडी घालून बसले होते. आम्हीही बसलो.

बहुतेक देवळांत मूर्तीचं तोंड पूर्वेला असतं. अंबाबाई पश्चिमेला बघते. मावळतीचा सूर्य वर्षातून दोनदा, ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला आणि नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखांना, बरोबर तिच्या नजरेच्या रेषेत येतो. याच तारखा का, हे मी गाडीतच सासूबाईंना बोटांवर मोजून दाखवलं होतं. सूर्य डिसेंबरच्या एकवीस-बावीस तारखेपर्यंत दक्षिणेला सरकतो आणि मग माघारी फिरतो. १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत एक्केचाळीस दिवस आणि तिथून ३१ जानेवारीपर्यंत पुन्हा एक्केचाळीसच. म्हणजे जाताना ज्या जागी मावळला, येतानाही त्याच जागी मावळतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे माहेरी जाताना एकदा अन् येताना एकदा." मला इतकं नेटकं सांगता आलं नसतं.

ऊन आधी महाद्वाराच्या कमानीत आलं. मग गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक. सूर्य जसजसा खाली जातो तसतशी किरणं आडवी होत जातात आणि म्हणून खोलवर पोचतात, हे पुस्तकातलं वाक्य समोर घडताना वेगळंच वाटतं. पितळी उंबरठा उजळला तेव्हा आवारातली कुजबुज थांबली. मग चांदीचा उंबरठा. आत दिवे मालवलेले होते, त्यामुळे अंधारात फक्त तो पिवळा पट्टा पुढे पुढे येताना दिसत होता. सव्वासहाच्या सुमारास तो पायांवर आला. शेजारची बाई तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होती. सासूबाईंनी हात जोडलेले नव्हते. दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या नुसत्या बघत होत्या. ऊन गुडघ्यांपर्यंत चढलं, थोडा वेळ थांबलं, आणि विझलं. लगेच आरती सुरू झाली.

बाहेर आलो तर महाद्वार रोडचे दिवे लागले होते.

दुसरा दिवस, १ फेब्रुवारी

सकाळी सहाला मी एकटीच निघाले. सासूबाईंचे पाय सुजले होते, त्यांना गरम पाण्याची बादली देऊन आले.

या वेळी रस्ता ओळखूच आला नाही. शटर बंद, दुकानांपुढचे कट्टे मोकळे. काल गर्दीत न दिसलेले जुन्या घरांचे वरचे मजले आज दिसले. लाकडी कठडे, एखाद्या सज्जात तुळस, एखाद्यात वाळत घातलेलं नऊवारी. महापालिकेच्या झाडूवाल्या बायका कालचा अख्खा बाजार गोळा करत होत्या. फुलं, नारळाच्या शेंड्या, प्लास्टिक, तुटलेल्या हिरव्या बांगड्यांचे तुकडे. देवळाच्या उत्तरेकडचा घाटी दरवाजा उघडा होता आणि त्यासमोरच्या जोतिबा रोडवर फुलांचे हारे उतरत होते. शेवंती, झेंडू, निशिगंध. तिथून कपिलतीर्थ मंडईत शिरले. मेथीच्या पेंढ्या, ओल्या हळदीचे ढीग, वाटाणा. पेंढी उचलायच्या आधीच "घेऊन जावा ताई" असा आवाज येतो. गाव जागं होताना बघायचं असेल तर इतकं जवळून बघायला मिळणारी जागा दुसरी नसेल.

नाश्त्याला मिसळ. नागपूरच्या माणसाला तर्री नवी नाही, पण इथला कट वेगळाच आहे. आमची तर्री पोह्यांवर येते आणि तिखट आधी नाकाला कळतं. इथे कांदा-लसणाच्या चटणीचा वास आधी येतो, तिखट नंतर, घशाशी. सोबत पावाऐवजी स्लाइस ब्रेड. आणि कट संपला की न मागता पुन्हा वाढतात. खाल्लेलं बोलायला एवढं पुरे.

दुपारी सासूबाईंना घेऊन गुजरीत गेले. महाद्वार रोड आणि भाऊसिंगजी रोड यांच्या मधली ही सोन्या-चांदीची गल्ली. आम्हाला घ्यायचं काही नव्हतं आणि मी ते आत शिरतानाच सांगितलं. दुकानातले काका म्हणाले, "बघा की. बघायला पैसे न्हाईत." आणि लाल मखमलीवर कोल्हापुरी साज ठेवला.

फोटोत साज नुसता जड हार दिसतो. हातात घेतला तेव्हा कळलं की तो वाचायचा दागिना आहे. पारंपरिक साजात एकवीस पानं. त्यांतली दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, मग एक माणिक, एक पाचू आणि शेवटचं डोरलं. पानांच्या मध्ये बारीक मणी ओवलेले. काका एकेक पान नखाने उचलून दाखवत होते. हा मासा, हे कासव, हा नरसिंह. हे बेलपान, हा शंख, हा चंद्र. हा भुंगा. मासा माझ्या करंगळीच्या नखाएवढा, आणि तेवढ्यात त्याला खवले होते, डोळा होता, शेपटीला मुरड होती. साच्यावर ठोकलेला सोन्याचा पातळ पत्रा आणि आत भरलेली लाख. त्यामुळे दिसतो भरदार, पण गळ्याला ओझं होत नाही. "जुन्या बायका साज घालूनच कामाला जायच्या," काका म्हणाले, "मोडला की इथं बसूनच दुरुस्त करून घ्यायच्या, तवर चहा." सासूबाईंनी कासवाचं पान अंगठ्याने हळूच चोळलं आणि साज परत ठेवला. आम्ही अर्धा तास बसलो, काही घेतलं नाही, तरी चहा आलाच.

दुकानातच विषय गणपतीच्या विसर्जनाचा निघाला. मुख्य मिरवणूक याच महाद्वार रोडने जाते. मिरजकर तिकटी, बिनखांबी गणेश मंदिर, महाद्वार, पापाची तिकटी, गंगावेस आणि तिथून पुढे विसर्जनाला. पहिला मान तुकाराम माळी तालमीच्या गणपतीचा. काका सांगताना हातानेच मिरवणूक काढत होते. त्या रात्री दुकानांच्या पायऱ्या म्हणजे घरच्या ओसऱ्या होतात, बाहेरगावी गेलेल्या लेकीबाळी त्यासाठी येतात.

संध्याकाळी आज देवळात जायचं नाही, असं मी ठरवलं होतं. काल उन्हाला आत येताना पाहिलं. आज ते जिथून येतं तिथे जायचं होतं. महाद्वाराकडे पाठ करून ताराबाई रोडने सरळ पश्चिमेला चालायला लागलो. औरंगजेबाच्या फौजेशी वर्षानुवर्षं झुंजलेल्या महाराणी ताराबाईंचं नाव या वाटेला आहे. थेट डोळ्यांवर ऊन. सासूबाईंनी पदर कपाळावर ओढला.

चालताना मी वर बघत होते. किरणं याच पट्ट्यातून देवळात जातात, म्हणून इथल्या एकेका इमारतीच्या उंचीला अर्थ आहे. गच्चीवरची पाण्याची टाकी, एखादा फलक, लोंबणारी केबल, यांतली कुठलीही वस्तू सूर्य आणि देवी यांच्यामध्ये येऊ शकते. तशा अडथळ्यांवरून या गावात अनेक वर्षं चर्चा, पाहण्या आणि काढकाम चालू आहे. किरणोत्सवाच्या दिवसांत अभ्यासक मंदिरात उन्हाची तीव्रता लक्समध्ये मोजतात. ज्यांनी देऊळ बांधलं त्यांनी ही रेषा आखली तेव्हा समोर मोकळं आभाळ होतं. आज ती रेषा शाबूत ठेवायची तर शेकडो घरांनी थोडं थोडं खाली वाकायला हवं. मला ते फार मोठं मागणं वाटत नाही. गाव देवीचं म्हणवतं, तर तिच्या दारातलं ऊन हे गावाचं घरगुती काम आहे.

मध्ये दोनदा बसलो. एकदा एका दुकानाच्या पायरीवर, एकदा रसवंतीत. रंकाळ्यावर पोचायला पाऊण तास लागला. धडधाकट माणूस पंधरा मिनिटांत पोचेल.

रंकाळा कधीकाळी दगडाची खाण होता असं सांगतात. आता पलीकडे शालिनी पॅलेसचा मनोरा, पाण्यालगत संध्यामठाचे दगडी खांब, आणि काठाने चालायला पदपथ. इथे गाडीची भीती नाही. सासूबाईंचा हात मी सोडला. त्या कठड्याला धरून एकट्या पंधरा-वीस पावलं पुढे गेल्या आणि पाण्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. भेळेच्या गाड्यांवर कांदा चिरल्याचा आवाज, पोरांची पळापळ, तालमीतली चार दणकट मुलं ओल्या अंगाने घरी निघालेली.

सूर्य लाल झाला. घड्याळात सहा वाजून पंधरा मिनिटं. "आत्ता पायाले लागलं असंल," सासूबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने, "आत्ता कमरेपर्यंत." देवळात जे घडत होतं ते आम्हाला दिसत नव्हतं, पण ज्या उन्हाने घडत होतं ते आमच्या खांद्यांवर होतं. आमच्या लांब सावल्या मागे, देवळाकडे पडल्या होत्या. त्या मागे वळून आपल्या सावलीकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाजूले हो वं, आपणच आड येऊन राहिलो." आणि खरंच दोन पावलं बाजूला झाल्या.

तिसरा दिवस, २ फेब्रुवारी

सकाळपासून आभाळ भरून आलेलं. फेब्रुवारीत ढग बघून कोल्हापुरात सगळे वर बघत होते. रिक्षावाला, पेपरवाला, लॉजच्या खालचा चहावाला. "दुपारपर्यंत फाटंल," असं प्रत्येकजण दुसऱ्याला सांगत होता.

पापाची तिकटीहून शिवाजी चौकाकडे वळलं की चप्पल लाइन. इथले लोक चप्पल कमी म्हणतात, पायताण म्हणतात. दोन्ही बाजूंना टांगलेली पायताणं आणि गल्लीभर कमावलेल्या कातड्याचा वास. मला नवऱ्यासाठी एक जोड घ्यायचा होता. एका छोट्या दुकानात कारागीर स्वतः मागे बसून काम करत होता, म्हणून तिथेच थांबले.

त्याच्या मांडीवर अर्धवट जोड होता. तळाचे थर एकावर एक ठेवून तो कातड्याच्याच बारीक वादीने शिवत होता. आरीने भोक पाडायचं, वादी ओवायची, दाताने ओढायची. खिळा कुठेच नाही. बाजूला कान बसवलेले, वर पट्टा, पट्ट्यावर वेणी. वेणी घरच्या बायका घालतात, असं त्याने सांगितलं. आणि त्याने उचललेल्या वेणीत मला तीन पदर दिसले, प्रत्येक जाड दोऱ्याएवढा, सगळे एकसारखे. कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, म्हणून रंग असा मधासारखा, त्यावर कुठला मुलामा नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. याचं त्याला काही वाटतं का, विचारलं. त्याने आरी खाली ठेवली. "कातडं तिकडनं येतंय, वेणी हिकडं पडत्याय. सोयरीक हाय ती. नाव कुणाचंबी असूंदे, हाताला दाम मिळाला पायजे." एवढ्या कामाला तो जो भाव सांगत होता त्यात घासाघीस करायला माझी जीभ उचलली नाही. करूही नये. मशीनवर चिकटवलेला जोड निम्म्या पैशांत शेजारीच मिळतो, ज्याला तो हवा त्याने तो घ्यावा.

जोड कागदात बांधताना त्याने बजावलं, "पहिले आठ दिवस तेल पाजा. पाण्यात घालू नका. चावंल थोडं, मग पायाला ओळखंल." सासूबाईंनी आपला पाय पुढे केला. सुजलेला, टाचेला भेगा पडलेला. "याले बसंल का?" त्याने तो पाय हातात घेतला, कागदावर ठेवला आणि पेन्सिलने भोवती रेघ ओढली. पट्टा सैल ठेवून करून देतो, पण लगेच होणार नाही, म्हणाला. आम्ही पत्ता लिहून दिला.

पाच वाजता पुन्हा देवळात. ढग पश्चिमेला विरळ झाले होते आणि कमानीत ऊन आलं तेव्हा आवारात एकदम आवाज उठला. गरुड मंडप. गणपती चौक. आज ते परवाच्याहून फिकं होतं, हे मलाही कळत होतं. पितळी उंबरठा, चांदीचा उंबरठा, पाय. आजचा दिवस तोंडावर ऊन येण्याचा. गुडघे. कंबर. पडद्यावर देवीच्या छातीवरचे दागिने चमकले, आणि मला त्यात कालच्या साजातलं कासव शोधावंसं वाटलं. ऊन खांद्यापर्यंत चढलं. आवारात कुणी हलत नव्हतं. कुणीतरी लहान मुलीला उचलून खांद्यावर घेतलं.

आणि तिथेच ते मावळलं. ढग आला असेल, धुरळा असेल. हनुवटीच्या खाली दोन बोटं राहिली होती. कुणी हळहळलं, कुणी नमस्कार केला. आरतीची घंटा सुरू झाली.

मी सासूबाईंकडे बघितलं. पंचवीस-सव्वीस तासांचा प्रवास करून आलेली बाई. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा पडलेला नव्हता.

बाहेर महाद्वार रोडवर आज बॅरिकेड लावून गाड्या थांबवल्या होत्या. देवळातून निघालेला सगळा लोंढा रस्त्यावर आरामात पसरला होता. भर मध्यावर बायका थांबून बोलत होत्या, एक पोरगं फुग्यामागे धावत होतं, कुणी कुणाला धक्का देत नव्हतं. आम्ही रस्त्याच्या ऐन मधून चाललो. सासूबाईंनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पापाची तिकटीवरून पुढे गंगावेशीला गेलो. तिथे संध्याकाळी म्हशी उभ्या असतात आणि समोर धार काढून दूध देतात. पितळी पेला गरम होता, कडेवर फेस. त्यांनी तो दोन्ही हातांत धरून सावकाश संपवला आणि ओठ पदराने पुसले.

"तो चपलावाला नोव्हेंबरपर्यंत देईन ना वं?"

"आई, तो तर महिन्याभरात पाठवेल म्हणाला."

"मग त्याले फोन करून सांग, पाठवू नको म्हणा. नऊ तारखेले आम्ही येऊन राहिलो."